परग्रहावरची वस्तू आणि धाटावची ट्रायल बॅच

'स्पेस स्टेशन १४' या संगणकावरच्या खेळात मरण फार स्वस्त आहे. इंजिनिअर उघड्या वायरीला हात लावतो, कुणी खिडकीवर हातोडा घालतं आणि हवेबरोबर अख्खा बोळ अवकाशात रिकामा होतो. पण हकनाक मरण्यात संशोधन विभागाचा हात कुणी धरणार नाही. त्यांची एक बंदिस्त खोली असते. परग्रहावरच्या कुठल्याशा संस्कृतीनं मागे सोडलेल्या वस्तू तिथे आणून तपासतात. वस्तू काय करते ते कुणालाच माहीत नसतं, आणि कळून घ्यायचा मार्ग एकच: तिला काहीतरी करून बघायचं.

माझा भाचा रोह्याला राहतो आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात शिफ्टला जातो. सुट्टीच्या आदल्या रात्री तो हा खेळ खेळतो. "मामा, सगळं आमच्या प्लँटसारखंच आहे. फक्त इथे मेलं तरी पुढच्या राउंडला परत कामावर हजर," असं तो म्हणाला आणि माझं कुतूहल चाळवलं. करमणुकीसाठी माणूस पुन्हा ड्युटीच करतो, ही गंमत बाजूला ठेवू. पण अनोळखी वस्तूशी वागायचं कसं, या प्रश्नाचा इतका सविस्तर सराव देणारा दुसरा खेळ मला तरी ठाऊक नाही.

आधी खेळाची कुळकथा. २००३च्या सुमारास एका हौशी प्रोग्रामरनं 'बियाँड' नावाच्या मंचावर वायूंचं गणित मांडायला सुरुवात केली. बंद खोलीत हवा कशी पसरते, दार उघडलं की दाब कसा उतरतो, आग लागली की तापमान कुठवर चढतं, एवढाच मूळ मामला होता. त्या हवेभोवती पुढे अवकाशस्थानक उभं राहिलं आणि त्याचा झाला 'स्पेस स्टेशन १३'. कोड बाहेर आल्यावर ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी आपापल्या चुली मांडल्या. 'स्पेस स्टेशन १४' हा त्याचाच नव्यानं लिहिलेला अवतार. सी-शार्प भाषेतला, खुल्या कोडचा, फुकट मिळणारा. एका सर्व्हरवर एका वेळी डझनावारी माणसं असतात आणि प्रत्येकाला काम ठरलेलं: कॅप्टन, डॉक्टर, आचारी, सफाई कामगार, चक्क विदूषकसुद्धा. एखादा गुपचूप घातपातीही असतो. तास-दोन तासांत राउंड संपतो, स्थानकाची बहुधा वाट लागलेली असते, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता ती वस्तू. बाहेरून ती एखादा कोरीव दगड किंवा धातूचा ओबडधोबड गोळा दिसते. आत मात्र नोडचं जाळं असतं. प्रत्येक नोडला दोन अंगं: कशामुळे तो जागा होतो, म्हणजे ट्रिगर, आणि जागा झाल्यावर काय करतो, म्हणजे परिणाम. ट्रिगर काहीही असू शकतो. नुसता स्पर्श, हातोड्याचा घाव, उष्णता, थंडी, विजेचा झटका, दाबातली घट, एखादा ठरावीक वायू, पाणी, जवळ वाजवलेलं वाद्य, आसपास झालेला मृत्यूसुद्धा. परिणामही तितकेच तऱ्हेवाईक. दिवे लुकलुकतात, खोलीभर फेस होतो, कुठूनशी जनावरं अवतरतात, शास्त्रज्ञ क्षणात स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो, किरणोत्सर्ग सुटतो, स्फोट होतो. एक नोड उलगडला की जाळ्यातल्या पुढच्या नोडची वाट मोकळी होते. जितकं खोल जावं तितकं चमत्कारिक. प्रत्येक उलगड्याचे संशोधन-गुण मिळतात आणि त्या गुणांवर स्थानकाला नवी यंत्रं बनवता येतात.

यातली मेख अशी की दर राउंडला वस्तू नव्यानं घडवली जाते. काल हिरव्या दगडाला उष्णता दिल्यावर फेस आला होता, म्हणून आज येईल असं नाही. कालची माहिती आज कवडीमोल. उपयोगी पडते ती तपासायची रीत, आणि नवखा व जुना गडी यांच्यातला फरक तिथेच दिसतो.

नवखा खोलीत शिरतो तोच हाती लागेल ते घेऊन. वेल्डिंगच्या ज्योतीनं वस्तू तापवतो, लगेच पाना मारतो, तेवढ्यात त्याचा सोबती वायूची टाकी उघडतो. धडाम. आता हे झालं कशामुळे? ज्योतीमुळे, घावामुळे, वायूमुळे, की तिघांच्या संगनमतामुळे? उत्तर देणारे दोघंही कपाळमोक्ष होऊन पडलेले असतात.

जुना गडी आधी काहीच करत नाही. वस्तू विश्लेषक यंत्राच्या पाटावर ठेवतो, दार लावतो आणि काचेपलीकडून नुसता बघत बसतो. काही नोड ठरावीक वेळानं आपोआप सुटतात. हे आधी कळलं नाही, तर त्या वेळी हातात जे असेल त्याच्यावर आळ जातो. प्रयोगशाळेत यालाच नियंत्रण म्हणतात: काहीच न करता काय होतं ते आधी पाहून ठेवायचं. शाळेत विज्ञानाच्या वहीत हा शब्द आपण सगळ्यांनी लिहिलाय. पण काही न करता दोन मिनिटं बसणं किती जड जातं, ते स्वतः हा खेळ खेळल्यावर कळतं. त्यानंतर तो एक गोष्ट करतो, थांबतो, लिहितो. स्पर्श: काही नाही. पाना: काही नाही. ज्योत: दिवे लुकलुकले. एवढ्यावर तो समाधान मानत नाही. ज्योत पुन्हा देऊन बघतो. दिवे पुन्हा लुकलुकले, तरच ती नोंद पक्की.

एका वेळी एकच बदल, हा नियम सोन्यासारखा वाटतो, पण तो पुरेसा नाही. खेळाच्या नव्या आवृत्तीत काही नोडना एकाहून अधिक ट्रिगर लागतात, आणि तेही ठरावीक वेळेच्या आत. उष्णता एकटी दिली तर वस्तू ढिम्म, वीज एकटी दिली तरी ढिम्म, दोन्ही पाठोपाठ दिल्या तर ती उघडते. दहा ट्रिगर हाताशी असतील तर एकेक करून दहा प्रयोग पुरतात, पण जोड्या होतात ४५ आणि तिकड्या १२०. सगळं करून बघायला राउंड पुरत नाही.

हा पेच खेळवाल्यांनी शोधलेला नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञासमोर तो खरोखरीच्या शेतात उभा होता. खत, बियाणं, पाणी, यांतला एकेक घटक बदलत बसलं तर वर्षामागून वर्षं जातात, आणि दोन घटक मिळून जे करतात ते कधी दिसतच नाही. १९३५ सालच्या आपल्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात त्यानं उलटा मार्ग मांडला: घटक एकत्र बदला, पण ठरवून, तक्ता मांडून. तीन घटक, प्रत्येक 'आहे' किंवा 'नाही', म्हणजे आठच खाने. आठही खाने भरले की प्रत्येक घटकाचा एकट्याचा परिणाम कळतो आणि त्यांचं आपसातलं साटंलोटंही. वरचा नवखाही तीन घटक एकत्रच बदलत होता. त्याच्याकडे तक्ता नव्हता, इतकाच फरक. मुरलेले खेळाडू कागदावर असा तक्ता मांडतात, फिशरचं नाव न ऐकताही. धाटावच्या प्रयोगशाळांत बसणाऱ्यांनी ते ऐकलेलं असतं. तिथे याला नुसतं 'डीओई' म्हणतात, म्हणजे 'डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स'.

पेण-रोह्याच्या खेळाडूला यात एक जादा अडचण असते, ती अंतराची. भाचा खेळतो ते सर्व्हर युरोपात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईपासून जर्मनीतलं फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे निरोप जाऊन परत यायला कितीही केलं तरी ६५ मिलिसेकंद लागतातच. प्रत्यक्षात समुद्रातली केबल वळणं घेत जाते, मध्ये थांबे असतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडच्या तारांचा काय भरवसा ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे आपण पाना मारला आणि तिकडे दुसऱ्यानं बटण दाबलं, तर आधी काय घडलं हे आपल्या पडद्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. उपाय साधा आहे: दोन कृतींमध्ये भरपूर वेळ सोडायचा. खऱ्या प्रयोगांतही उपकरणाचा प्रतिसाद मंद असेल तर हेच करावं लागतं. तापमापीचा पारा चढायला वेळ लागतो म्हणून रसायन थांबून राहत नाही.

आता धाटाव. रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठची ही वसाहत प्रामुख्यानं रसायनांची. रंग, औषधांचे कच्चे घटक, शेतीची रसायनं आणि त्यांच्यासाठी लागणारी मधली द्रव्यं. पेणहून दिव्याच्या गाडीनं रोह्याला उतरलेल्या माणसाला वारा तिकडचा असेल तर पत्ता विचारावा लागत नाही. इथल्या कुठल्याही कारखान्यात नवं उत्पादन यायचं तर आधी 'ट्रायल बॅच' लागते, आणि तिची वाट ठरलेली आहे: प्रयोगशाळेतला काचेचा फ्लास्क, मग किलो लॅब, मग पायलट, आणि शेवटी प्लँटमधला रिअॅक्टर. बाहेरच्याला वाटतं, फ्लास्कमध्ये जमलं ते टाकीत का जमू नये? द्रव्यं तीच, प्रमाण तेच.

न जमण्याचं कारण भूमितीत आहे. फ्लास्क एक लिटरचा आणि रिअॅक्टर हजार लिटरचा धरा. लांबी-रुंदी-उंची दहा-दहा पटींनी वाढली, म्हणून आकारमान हजार पट झालं. पण भिंतीचं क्षेत्रफळ फक्त शंभर पट. उष्णता तयार होते ती सगळ्या आकारमानात आणि बाहेर पडते ती भिंतीतून. म्हणजे लिटरमागे थंड करणारी भिंत दहाव्या हिश्श्यावर आली. फ्लास्कभोवती बर्फाचं पाणी ठेवलं की भागत होतं. रिअॅक्टरला बाहेरून जॅकेट लागतं, त्यात थंड पाणी किंवा ब्राइन खेळवावं लागतं, कधी आत नळ्यांची वेटोळी घालावी लागतात. दुसरी भानगड याहून वाईट. तापमान दहा अंशांनी चढलं की पुष्कळ अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. जॅकेटची उष्णता ओढून घ्यायची ताकद मात्र तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात, सरळ रेषेत वाढते. एक दुपटीनं धावतंय आणि दुसरं पायरी-पायरीनं चढतंय, तर एका टप्प्यापुढे दुसरं पहिल्याला गाठूच शकत नाही. प्लँटवर याला 'रनअवे' म्हणतात. शिफ्टमधल्या कुठल्याही ऑपरेटरला विचारा, या शब्दावर तो हसत नाही.

खोलवर दडलेला नोड म्हणजे काय, हे एका खऱ्या कारखान्याच्या गोष्टीवरून कळतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे 'टी-टू लॅबोरेटरीज' नावाचा छोटा कारखाना पेट्रोलमध्ये घालायचं एक द्रव्य बनवत असे. सोडियम धातू वितळवून पहिली अभिक्रिया करायची. तीत उष्णता निघे, ती जॅकेटमधल्या पाण्यानं आटोक्यात ठेवायची. १७४ बॅच निघाल्या. मध्ये बॅचचं आकारमान तिसऱ्या हिश्श्यानं वाढवलं, तरी काम चालू राहिलं. १९ डिसेंबर २००७ला १७५वी बॅच चालू असताना थंडावा बंद पडला. पर्यायी व्यवस्था नव्हती. तापमान सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत चढलं आणि तिथे आतापर्यंत कुणाच्या गणितातच नसलेली दुसरी अभिक्रिया जागी झाली: सोडियम आणि ज्यात तो मिसळला होता त्या द्रावकाची. स्फोटात चार माणसं गेली. तपास करणाऱ्या सरकारी मंडळानं ही दुसरी अभिक्रिया दाखवून दिली. त्या १७४ यशस्वी बॅचनी तिच्याबद्दल काहीही सांगितलं नव्हतं, कारण तितकं तापमान त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणूनच चांगल्या कारखान्यात नव्या द्रव्याला प्लँटमध्ये आणण्याआधी ते मुद्दाम बिघडवून पाहतात. काही ग्रॅम नमुना बंद, मजबूत भांड्यात हळूहळू तापवत न्यायचा आणि कुठल्या अंशाला तो स्वतःहून तापायला लागतो ते मोजायचं. यासाठीचे कॅलरीमापक आता आपल्याकडेही वापरात आहेत. खेळातला जाणता शास्त्रज्ञ वस्तू स्थानकाच्या कडेच्या खोलीत नेतो, जाड भिंती आणि स्फोटरोधक दार बघून घेतो, अंगावर किरणोत्सर्गाचा सूट चढवतो आणि मगच कठीण ट्रिगरना हात घालतो. जोखीम छोटी आणि लांब करून घ्यायची, मग ती मुद्दाम ओढवून घ्यायची. दोन्हीकडे युक्ती एकच.

भाच्याला मी विचारलं की खेळात आणि प्लँटवर सगळ्यांत जास्त गोंधळ कुठे होतो. मला वाटलं स्फोट, गळती असं काही म्हणेल. तो म्हणाला, "शिफ्ट बदलताना." सकाळची शिफ्ट व्हॉल्व्ह अर्धा बंद करून गेली आणि लॉगबुकात लिहिलं नाही, तर दुपारचा माणूस पूर्ण उघडा समजून काम करणार. म्हणून परमिटचा कागद, टॅग, हँडओव्हरच्या वेळी दोघांच्या सह्या. खेळातही हेच. शास्त्रज्ञ मेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि पाटावरच्या वस्तूला आधी काय काय करून झालंय ते कुणी लिहिलेलं नाही. नवा पहिल्यापासून सुरू करतो आणि ज्या ट्रिगरनं आधीचा मेला तोच देतो. या खेळात कागद आणि पेन ही खरोखरची वस्तू आहे. लिहिता येतं, टेबलावर ठेवता येतं, दुसऱ्याला वाचता येतं. निम्मे खेळाडू तिला हात लावत नाहीत. प्लँटवरही लॉगबुक भरणं म्हणजे कटकट समजणारे असतातच.

आणि शेजारी. वस्तूतून विषारी वायू सुटला तर तो संशोधन विभागाच्या दारापाशी थबकत नाही; हवेच्या नळ्यांतून दवाखान्यात आणि कॅन्टीनमध्ये पोहोचतो. म्हणून चांगला संशोधनप्रमुख रेडिओवर आधीच सांगतो, "वायूची चाचणी घेतोय, बोळाकडे येऊ नका." रोहे तालुक्यातल्या लोकांना हे शिकवायची गरज नाही. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात नोव्हेंबर १९९०मध्ये वायूगळती होऊन स्फोट झाला आणि ३०हून अधिक माणसं दगावली. कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्यांना आत काय चाललंय ते किती कळायला हवं, हा प्रश्न या पट्ट्यात तेव्हापासून जुना झालेला नाही.

परग्रहावरून आल्यासारखी वस्तू महाराष्ट्रात खरोखर पडली, तर काय होतं? हे आपण पाहिलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात जळत्या तुकड्यांची रांग दिसली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक भलं मोठं धातूचं कडं येऊन पडलं, सुमारे ३ मीटर व्यासाचं. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. उल्का म्हणून, उपग्रह म्हणून, आणखी काय काय म्हणून रात्रभर मोबाइलवर चर्चा झडल्या.

इथे तपासाची रीत जवळून बघण्यासारखी आहे. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून एक इलेक्ट्रॉन रॉकेट सुटलं होतं, त्यामुळे हे त्याचेच अवशेष असावेत असं सुरुवातीला बोललं गेलं. तारीख जुळत होती. पण इलेक्ट्रॉन रॉकेटचा व्यास जेमतेम १.२ मीटर आहे. त्यातून ३ मीटरचं कडं निघणार कसं? एका मोजपट्टीनं तो तर्क निकालात निघाला. दुसरा तर्क होता चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या आणि तेव्हापासून पृथ्वीभोवती घिरट्या घालत हळूहळू खाली येत असलेल्या तिसऱ्या टप्प्याचा. त्याचा व्यास ३ मीटर. त्या रात्री तो भारतावरून जात वातावरणात शिरणार होता, हेही कक्षेच्या हिशेबात बसत होतं. पोकळ गोळे म्हणजे इंधन ढकलण्यासाठी वायू दाबून भरायच्या टाक्या. गोल आणि मजबूत असल्यानं वातावरणातल्या जाळातून त्या बऱ्याचदा धड खाली येतात. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन वस्तू पाहून, नमुने घेऊन गेले. तारखेचा योगायोग भुरळ घालतो, माप घालत नाही. खेळात "मी हात लावला आणि लगेच झालं" असं म्हणणाऱ्याची हीच गत.

गावकऱ्यांनी ते कडं हातानं उचललं, भोवती फोटो काढले. मी तिथे असतो तर मीही काढला असता. पण अवकाशातून पडलेल्या भागांत कधीकधी हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं, आणि दाबाच्या टाकीत दाब. १९७८च्या जानेवारीत सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' उपग्रह कॅनडाच्या बर्फात कोसळला, तेव्हा किरणोत्सर्गी तुकडे वेचायला महिनोन् महिने लागले. १९७२च्या अवकाश-दायित्व करारानुसार कॅनडानं ६० लाख डॉलर मागितले आणि शेवटी तडजोडीत ३० लाख मिळाले. आकाशातून पडलेली वस्तू ज्यानं पाठवली त्याचीच राहते, सापडलेल्याची होत नाही, हेही आंतरराष्ट्रीय करारांत ठरलेलं आहे. शेतात पडली म्हणून भंगारात विकता येत नाही. दगडी उल्केचंही तसंच: २२ मे २०१२ला नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ उल्कापात झाला तेव्हा ते दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं ताब्यात घेतले. त्यांतल्या एका तुकड्यात पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल ज्याचं राज्य आहे, ते खनिज. घरच्या काचेच्या कपाटात तो दगड बसला असता तर हे कळलं नसतं.

सगळ्यांत धोकादायक अनोळखी वस्तू मात्र आकाशातून येत नाही, भंगाराच्या टेम्पोतून येते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचं एक जुनं उपकरण वर्षानुवर्षं न वापरता पडून होतं. २०१०च्या फेब्रुवारीत ते लिलावात गेलं आणि मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचलं. शिशाचं जड आवरण फोडून आतल्या कोबाल्ट-६०च्या कांड्या बाहेर काढल्या गेल्या. हाताळणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही. ना ऊब, ना वास, ना उजेड. कातडी जळू लागली, केस गळू लागले, तेव्हा दवाखाना. एप्रिलमध्ये कारण उलगडलं, तोवर बरेच जण भाजले होते, त्यांपैकी एक जण वाचला नाही. इथे ट्रिगर होता 'उघडणं', आणि परिणाम दिसायला दिवस गेले. खेळातली वस्तू निदान लगेच तरी सांगते.

या खेळाची मला खटकणारी बाजू हीच. परिणाम तत्काळ मिळतो आणि गुणही तत्काळ. त्यामुळे खेळाडू घाई शिकतो. गुणांचा आकडा वाढवायच्या नादात जाळीचं दार उघडं राहतं, सूट हुकावर लटकत राहतो. उत्पादनाचा आकडा गाठायला प्लँटवर जे दडपण येतं त्याची ही हुबेहूब नक्कल आहे, पण खेळ त्याबद्दल खेळाडूला काही जाणवू देत नाही, कारण पुढच्या राउंडला सगळे जिवंत. माझं मत विचाराल तर ज्याच्या वस्तूमुळे आचारी मेला त्याचे गुण कापायला हवेत. भाच्याला हे पटत नाही. तो म्हणतो, मग कुणी प्रयोगच करणार नाही. आमचा हा वाद मिटलेला नाही, आणि खऱ्या संशोधनसंस्थांतही तो मिटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कुणाला खेळून बघायचं असेल तर जुना लॅपटॉपही चालतो. पहिल्या राउंडला भूत होऊन नुसतं हिंडावं. भिंतीतून आरपार जाऊन कोण काय करतंय ते बघता येतं आणि आपल्यामुळे कुणी मरत नाही. दुसऱ्या राउंडला संशोधन साहाय्यक ही शिकाऊ जागा घ्यावी. जुने खेळाडू शिकाऊ माणसाला बरंच सांभाळून घेतात. खोलीत वस्तू असेल तर तिला हात लावण्याआधी टेबलावर कागद आहे का ते बघावं. असेल तर तो वाचावा. नसेल तर वर राउंडची वेळ टाकून पहिली ओळ आपण लिहावी: वस्तूला अजून काहीही केलेलं नाही.